बिनमामाचा जानराव

वऱ्हाडात नवा माणूस गावात आला की त्याला आधी पाणी देतात, मग गाव विचारतात आणि तिसरा प्रश्न असतो, "मामा कोनते?" बापाचं नाव कोणीही ठोकून देईल. मामाचं तसं नाही. मामा खरा सांगितला की चिलीम विझायच्या आत दोन घरांचं नातं निघतं, आणि खोटा सांगितला की तेवढ्याच वेळात माणूस उघडा पडतो, कारण त्या गावात कोणाची ना कोणाची बहीण दिलेली असतेच. पोलिसांच्या गुप्त खात्यात मोठमोठी डोकी होती, पण ही गोष्ट एकाच्याही ध्यानात आली नाही. त्यांनी जानराव शिपायाला नवं आडनाव दिलं, खादीचा सदरा दिला, आणि हा पोलिसांचा मार खाऊन पळालेला देशभक्त आहे असं दिसावं म्हणून त्याच्या पाठीवर छडीचे सहा वळ उठवले. मारलं पोलिसांनीच होतं, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. मामा मात्र द्यायचा राहून गेला.

बेचाळीस सालचा दसरा नुकताच झाला होता. ऑगस्टात पुढारी तुरुंगात गेले होते. कुठे तारा तुटत होत्या, कुठे रूळ उखडले जात होते, आणि केनवडच्या बाजूला काहीच होत नव्हतं. हे काहीच न होणं वरच्या साहेबांना फार संशयाचं वाटलं. एवढी शांतता कटाशिवाय राहूच शकत नाही, असं त्यांनी लिहून पाठवलं आणि गोविंदसिंग फौजदाराला तो कट शोधायचा हुकूम झाला. गोविंदसिंग हुकमाचा पक्का. कट नाही असं वर कळवण्याचा आगाऊपणा त्यानं केला नाही. त्यानं जानरावला बोलावून घेतलं.

जानरावच का, तर त्याच्या नोकरीच्या कागदावर वारसाच्या रकान्यात आडवी रेघ होती. तो दोन वर्षांचा असताना तापाच्या साथीत त्याचे आईबाप तीन दिवसांच्या अंतरानं गेले. बाप एका जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहत असे. त्याच आवारात पोरगं राहिलं, आज या हमालाच्या घरी तर उद्या त्या गाडीवानाच्या घरी जेवलं, आणि छाती भरल्यावर पोलिसात भरती झालं. बापाचं नाव आणि जात जिनिंगच्या कागदात सापडली, पण आईचं माहेर कोणतं ते कोणालाच सांगता आलं नाही. गोविंदसिंग म्हणाला, "तेरे आगे-पीछे कोई नही, तर बात फुटेल कुठून? ऐसाच आदमी पायजे."

असा हा माणूस केनवडच्या पुढे दोन कोसांवर बोरटेक नावाच्या चाळीस घरांच्या गावात येऊन मारुतीच्या पारावर बसला. पाणी आलं. गाव विचारलं. मग पारावरची सगळ्यात म्हातारी बाई, गोजराबाई, कपाळावर हात धरून त्याच्याकडं बघत म्हणाली, "मामा कोनते रे बाबू तुहे?"

जानरावला शिकवलेलं सगळं पाठ होतं. नागपूरच्या मोर्चात मार कसा खाल्ला, वर्ध्याहून कसा निसटला, सगळं. हे त्यात नव्हतं. तो गांगरला आणि त्या कामगिरीतलं एकुलतं एक खरं वाक्य बोलला, "मले मामा नाई आजी. कोनीच नाई."

गोजराबाईनं सदऱ्याच्या गळ्यातून दिसणारा वळ पाहिला आणि मान हलवली. मामा नसलेला माणूस तिनं सत्तर वर्षांत पाहिला नव्हता. हा मामाचं नाव लपवतोय, याच्यामागं पोलीस लागलेत, आणि मामाच्या घरावर बला येऊ नये म्हणून एवढा मार खाऊनही हा तोंड उघडत नाही, असा तिचा हिशेब झाला. तिला तो माणूस फार आवडला. तिनं त्याला आपल्या घरी जेवायला नेलं.

घर तिच्या मुलाचं, दौलतरावाचं. दोन बैलांची शेती, पन्नाशीचं वय. हा माणूस इतका कमी बोलत असे की बैलही त्याच्या हाकेला दचकत. बायको मागंच गेलेली. घरात आणखी त्याचा पोरगा रामकिसन, वय एकोणीस. बाप बोलत नव्हता ते सगळं तो बोलत असे.

चौथ्या दिवशी गावचा पोलीस पाटील नोंदवही घेऊन दारात आला. गावात परका माणूस आला की त्याचं नाव-गाव लिहून ठाण्यात कळवावं लागे. जानराव कोणत्या कामावर आहे हे पाटलालाही माहीत नव्हतं. गुप्त म्हणजे गुप्त. पाटलानं दौत उघडली आणि विचारलं, "हा कोन?"

जानराव तोंड उघडणार तोच गोजराबाई आतून पीठ भरल्या हातानं बाहेर आली. "हा कोन म्हंजे? माह्या तुळसीचा पोरगा हाये."

तुळसा तिची एकुलती एक लेक. जालन्याकडे दिली होती. त्याच तापाच्या साथीत ती आणि तिचं दोन वर्षांचं पोर दोघंही गेली होती, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं. पाटलालाही. त्यानं टाक दौतीत बुडवला आणि बराच वेळ बुडवून ठेवला. मग दौलतरावाकडं बघून म्हणाला, "सरकारी वही हाये दौलतराव. खोटं निंघालं तं तुमाले अंदर जा लागीन."

दौलतरावानं जानरावाकडं एकदा पाहिलं. "भाचा हाये माहा," तो म्हणाला आणि अंगठा उठवला.

अशा रीतीनं सरकारी शिपायाला सरकारपासून लपवण्यासाठी सरकारच्याच वहीत मामा मिळाला. जानरावनं त्या आठवड्याच्या अहवालात लिहिलं, "गावकऱ्यांचा विश्वास संपादन केला आहे."

काम सुरू झालं. जानराव पोरांना लाठी शिकवू लागला, कारण त्याला तेवढंच येत होतं. पहिल्याच दिवशी त्यानं पोरांना रांगेत उभं केलं आणि "सावधान" म्हणून असा ओरडला की पारावरची कुत्री पळाली. देशभक्त असं ओरडतात की नाही हे बोरटेकात कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून निभावलं. पंधरा पोरं आली, आठवड्यात नऊ राहिली, आणि कपाशी वेचायला आली तेव्हा दोनच उरली. एक रामकिसन आणि दुसरा त्याचा जिवलग दोस्त मुनाफ, गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याचा मुलगा. गोविंदसिंगाला कट पाहिजे होता आणि कटाला निदान दोन माणसं लागतात, तेव्हा संख्या बरोबर होती.

अडचण एवढीच, की या दोघांना काही करायचं नव्हतं. "इंग्रज गेला पायजे," रामकिसन म्हणे. "गेलाच पायजे," मुनाफ म्हणे. मग दोघं हरभऱ्याची भाजी चांगली कुठं मिळते यावर बोलू लागत. जानराव दर शुक्रवारी केनवडच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगाआड गोविंदसिंगाला भेटे आणि सगळं शांत असल्याचं सांगे. तिसऱ्या शुक्रवारी फौजदार भडकला.

"शांत हाये तर तू कायले बसला तिथं? शांतता तर तुझ्याबिगर भी होती."

"साहेब, पोरांच्या मनात काही येतच नाही."

"तो तू डाल ना उनके मन में! बिज पेरल्याबिगर उगवते काय?" असं म्हणून त्यानं मिरच्यांच्या पोत्यातून एक बिस्किटाचा डबा आणि फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून दिली. डब्यात सुरुंगाची दारू होती. फडक्यात जुनं पिस्तूल होतं. त्याचा घोडा मोडका होता, पण पिस्तूल म्हटल्यावर पिस्तूलच.

मधे दिवाळी आली. पहिल्या अंघोळीला गोजराबाईनं जानरावला पाटावर बसवून तेल लावलं. पाठीवरच्या वळांवरून हात फिरवताना ती पोलिसांना अशा शिव्या देत होती की जानरावला दोनदा ठसका लागला. मग दौलतरावानं कोपऱ्यातून कोरं धोतर आणलं आणि भाच्याच्या मांडीवर ठेवलं. मामानं भाच्याला दिवाळीचं धोतर द्यावं ही रीतच आहे, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि तो बोललाही नाही. सव्वीस वर्षांच्या त्या धिप्पाड शिपायाला रडू आलं. त्यानं तेल डोळ्यांत गेलं असं सांगितलं. त्याला फार बरं वाटलं होतं आणि फार लाजही वाटली होती.

आणि तरीही त्यानं बी पेरलं, हे सांगायलाच हवं. नोकरी होती, हुकूम होता, आणि हुकमाशिवाय जगायची त्याला सवय नव्हती. त्यानं दोघा पोरांना बसवून सांगितलं, की वाशीमजवळ रेल्वेची एक मोरी आहे, रुळाखालचा छोटा पूल, ती उडवायची.

"मोरी?" मुनाफ म्हणाला. "पन भाई, आमी रेल कुठं पाह्यली?"

खरंच पाहिली नव्हती. आगगाडी उडवणाऱ्यांनी निदान आगगाडी पाहिलेली असावी, म्हणून जानराव त्यांना बैलगाडीनं बारा कोस वाशीमला घेऊन गेला. स्टेशनाबाहेर तिघं दोन तास बसले. गाडी आली, वाफ सोडली, माणसं उतरली, एका म्हातारीला दोघा उतारूंनी गाठोड्यासकट धरून उतरवलं. गाडी गेल्यावरही रामकिसन तिकडंच बघत होता.

"हे उडवाची?" त्यानं विचारलं.

"हो."

"काहून? हे तं चांगली हाये."

जानरावनं बैल जुंपले. येताना दोघं सगळी वाट गाडीचा आवाज काढत आले. पुढच्या शुक्रवारी जानराव फौजदाराला म्हणाला, "साहेब, पोरं भोळी आहेत. त्यांना सोडून देऊ." गोविंदसिंग शांतपणे म्हणाला, "भोलेच लागतात रे. चालाक आदमी कधी हाती लागला आहे काय?" आणि सोमवारी सकाळी धाड घालायचं ठरवून टाकलं. पिस्तूल आणि डबा रविवारी रामकिसनच्या घरात असला पाहिजे, एवढं जानरावचं काम.

जानरावनं रविवारी ते रामकिसनच्या हाती दिलं. "सांभाळून ठेव," म्हणाला. पोरानं विचारलंही नाही. आतेभावानं दिलं म्हणून ज्वारीच्या कणगीत ठेवून दिलं.

सोमवारी दिवस कासराभर वर आला तेव्हा बोरटेकाला पोलिसांचा गराडा पडला. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, तरी रिवाजाप्रमाणे त्यांनी आधी तीन घरं उचकटली. मग कणगी पालथी केली. पिस्तूल निघालं, डबा निघाला. रामकिसन आणि मुनाफच्या हातात बेड्या पडल्या. आणि जानरावचं गुपित राहावं म्हणून त्यालाही दोरीनं बांधून अंगणात उभं केलं.

तेव्हा दौलतराव गोठ्यातून आला. त्यानं बांधलेल्या पोराकडं पाहिलं, बांधलेल्या भाच्याकडं पाहिलं आणि सरळ फौजदारापुढं जाऊन उभा राहिला. एवढं लांब तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"सायेब, हे सामान माहं हाये. म्याच ठेवलं कनगीत. पोराले म्हाईत नाई. अन् ह्या भाच्याचा तं काईच संमंध नाई, तो पाव्हना आला हाये. त्याले सोडा. त्याच्या मायनं मरताना तोंड भी पाह्यलं नाई त्याचं. मले घिऊन चाला."

गोविंदसिंगाला हे फारच गमतीचं वाटलं. तो पोट धरून हसला. "अरे बुढ्ढे, कोणाचा भाचा? ये तो हमारा सिपाही है!" आणि गुपित वगैरे विसरून त्यानं सगळ्या गावासमोर जानरावची दोरी सोडायला लावली.

दौलतरावानं जमिनीवर सांडलेली ज्वारी ओंजळीनं गोळा करायला घेतली. जानराव मोकळ्या हातांनी उभा होता आणि हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

खटला खास कोर्टात चालला. दोघांवर मोठं कलम होतं. काळं पाणी नाही तर दहा-बारा वर्षं तरी नक्की, असं लोक बोलत. सगळा खटला जानरावच्या साक्षीवर उभा होता. मधे एक शेपूट निघालं. पाटलाची नोंदवही कोर्टात आली आणि तिच्यात साक्षीदार हा आरोपीच्या बापाचा भाचा असल्याचं अंगठ्यानिशी लिहिलेलं सापडलं. सरकारी वकील खूश झाला. नातं खोटं असल्याचं जानरावनं सांगितलं की दौलतरावही आत, सरकारला खोटी माहिती दिली म्हणून. गोविंदसिंगानं जानरावला बजावलं, "नातं विचारलं की एकच बोलायचं. नाही."

साक्षीच्या दिवशी जानराव कोर्टाच्या ओसरीत बाकावर बसला होता. गणवेश कडक होता. गोजराबाई पदर सावरत आली, त्याच्या शेजारी बसली आणि फडकं सोडून भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढं केला. "खाऊन घे. अंदर लय येळ उभं राहा लागते म्हन्तेत."

जानरावला घास हातात घेववेना. "आजी, मी पोलीस आहो. तुमाले समजलं नं?"

"समजलं."

"मंग भाकर काहून आनली?"

"पोलिसाले भूक लागत नाई का?" म्हातारी म्हणाली. मग तिनं ठेच्याचा गोळा भाकरीवर ठेवला. "लय राग आला तुहा. अजून हाये. पन म्या चारचौघात तुले तुळसीचा पोरगा म्हनलं. आता मांगं कसं घिऊ? नातं म्हंजे काय उसनं पीठ हाये?" पोराला सोडव, असं ती एकदाही म्हणाली नाही. जानरावनं दीड भाकरी खाल्ली.

आत शपथ झाली. आरोपींचा वकील वाशीमचा, दमेकरी. त्याला फार बोलवत नसे, म्हणून त्यानं वही पुढं करून एकच प्रश्न विचारला. "आरोपी रामकिसन तुमचा कोण?"

पहिल्या रांगेत गोविंदसिंग बसला होता. मागं भिंतीला टेकून दौलतराव उभा होता. तो जानरावकडं बघत नव्हता.

"मामेभाऊ," जानराव म्हणाला.

सरकारी वकील ताडकन उठला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुमच्या नोकरीच्या कागदात तर कोणी नातेवाईक नाही असं आहे."

"तेव्हा नव्हते, साहेब. नंतर झाले."

"नंतर? केव्हा?"

"दिवाळीत."

कोर्टात हशा पिकला. जानरावला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. हशा थांबेपर्यंत तो सावधान उभा राहिला आणि मग कोणी न विचारताच म्हणाला, "पिस्तूल मी दिलं, साहेब. दारूचा डबाही मीच दिला. मला फौजदार साहेबांनी केनवडच्या बाजारात दिला, मिरचीच्या पोत्यातून. मोरीचंही मीच सांगितलं. या पोरांनी गाडी पाहिलेली नव्हती. पाहिल्यावर चांगली आहे म्हणाले."

कारकुनानं हात वर करून विचारलं, की शेवटचं वाक्यही लिहायचं का. न्यायाधीश म्हणाले, लिहा.

कट निकालात निघाला. मुनाफ सुटला आणि त्या दिवशी स्टेशनात जाऊन रेल्वेचं तिकीट काढून पहिल्यांदा गाडीत बसला. दौलतरावावरचं बालंट टळलं. पण कणगीत निघालेलं पिस्तूल, मोडकं असलं तरी, कणगीतच निघालं होतं. त्यापायी रामकिसनला दीड वर्षाची सजा झाली. जानरावची नोकरी गेली आणि हुकूम मोडल्याबद्दल सहा महिने आत काढावे लागले. गोविंदसिंगाची बदली झाली, तीही बढतीवर, असं म्हणतात.

सुटल्यावर जानराव जिनिंगच्या आवारात परत गेला आणि बापासारखे बोजे वाहू लागला. बोरटेकला जायचं तोंड त्याला नव्हतं. रामकिसन सुटून घरी आला तेव्हा पोटात दुखणं घेऊन आला आणि त्याचं बोलणं अर्ध्यावर आलं, एवढं त्याला मुनाफकडून कळलं. दौलतराव जानरावचं नाव घेत नाही, कोणी घेतलं तर उठून जातो, हेही कळलं. ते त्याला बरोबर वाटलं.

पंचेचाळीसच्या चैत्रात गोजराबाईचा निरोप आला. शिरपूरकडची एक मुलगी पाहून ठेवली आहे, प्रयागबाई नाव, बाप नाही, आई मोलमजुरी करते. लग्न वैशाखात, बोरटेकात. विचारलं नव्हतं, कळवलं होतं.

लग्न मारुतीच्या पारासमोर लागलं. नवरा पाटावर उभा राहिला, मधे अंतरपाट धरला. नवरीच्या पाठीशी तिचा मामा येऊन उभा राहिला. भटजींनी अक्षता वाटायला लावल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "नवरदेवाचे मामा कुठं आहेत? मामा पाठीशी उभा राहिल्याबिगर मंगलाष्टकं कशी म्हणू?"

दौलतराव मांडवात नव्हता. गोजराबाईनं त्याला बोलावणं धाडलं नव्हतं, कारण घरच्या माणसाला बोलावणं धाडत नाहीत. जानराव अंतरपाटाकडं बघत होता. भटजींना सांगावं, की मला मामा नाही, तसंच लावा, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. हे वाक्य त्यानं याच पारावर एकदा म्हटलं होतं आणि तेव्हा ते खरं होतं.

ऊन टळायला लागलं. मुहूर्त जवळ आला. मग माणसं बाजूला सरली आणि जानरावला मागं वहाणा काढल्याचा आवाज आला. कोणीतरी त्याच्या पाठीशी येऊन उभं राहिलं. गोठ्याचा वास आला. त्यानं वळून पाहिलं नाही, पण तो पुढं वाकत गेला.

मागून पाठीवर, बरोबर जुन्या वळांच्या जागी, एक खरबरीत हात पडला. अडीच वर्षांत दौलतराव त्याच्याशी पहिल्यांदा बोलला.

"सरळ उभा राय," तो म्हणाला. "पोलिसात होता ना."